मुलाचे मन, शाळा आणि कायदा

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे विस्ताराने)



दरवर्षी या मेळाव्यात आपण गुणवंत मुलामुलींचा सत्कार करतो. आत्ताच तो झाला, आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या आनंदात मीही सामील आहे. परंतु मला बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा मी ठरवले की, ज्याचे नाव या व्यासपीठावरून कधीच पुकारले जात नाही त्या मुलाविषयी चार शब्द बोलावेत. तो शेवटच्या बाकावर बसतो. वाचायला उभा केला तर अडखळतो. किंवा कालपर्यंत हसता-खेळता असून आज एकाएकी गप्प झालेला असतो. त्याच्यासाठी या देशात आणि आपल्या राज्यात कायदे झालेले आहेत. त्याच्या आईवडिलांना ते ठाऊक नसतात, आणि खरे सांगायचे तर आम्हा शिक्षकांनाही पुरते ठाऊक नसतात.

मी वकील नाही. साधा बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे. म्हणून कायद्याकडे वळण्यापूर्वी माझ्याच हातून घडलेली एक चूक आपल्यापुढे ठेवतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच बी.एड. होऊन एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याची वही उघडली की पहिली ओळ पूर्ण, दुसरी निम्मी, तिसरीत दोन शब्द आणि पुढे कोरा कागद. तोंडी प्रश्न विचारला तर उत्तर बरोबर येई. त्यामुळे माझी खात्रीच झाली की हा आळशी आहे. एके दिवशी मी त्याची वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणालो, "पाहा, याला म्हणतात ढ!" वर्ग हसला. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

आठ-दहा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. मनाला टोचणी लागली म्हणून गेलो असे म्हणण्याचा मोह होतो, पण खरे कारण एवढेच होते की हजेरीपट भरायचा होता. वडील ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजवर गेलेले. आई अंगणात तूर पाखडीत बसली होती. तिने चहा केला. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "सर, पोरगं आळशी नाही. फळ्यावरचं उतरवाले त्याले वेळ लागते. त्याचं अर्धं होते, तवर तुम्ही फळा पुसून टाकता."

मित्रहो, मी त्या वर्गाला कितीतरी महिने शिकवीत होतो. मला जे दिसले नाही, ते शाळेची पायरी कधी न चढलेल्या त्या माउलीला दिसले होते. बी.एड.ला 'विशेष गरजा असलेली बालके' या प्रकरणावर मी उत्तर लिहिले होते आणि गुणही चांगले मिळवले होते. ते गुण माझ्या प्रमाणपत्रावर राहिले, वर्गात आले नाहीत. त्या मुलाला नेमके काय होते हे मी सांगू शकत नाही, कारण कोणी तपासलेच नाही. तो शाळेत परत आला नाही. आज तो गॅरेजवर इंजिन खोलून जोडतो. रस्त्यात भेटला तर अदबीने सलाम करतो. तो सलाम घेताना मला आजही मान वर करता येत नाही.

आता कायद्याकडे येतो. मी त्या मुलाशी जे वागलो, ते त्या वेळीही कायद्याला मान्य नव्हते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे कलम १७ सांगते की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही. 'मानसिक छळ' हे शब्द कृपया लक्षात ठेवावेत. छडी ठेवून दिली आणि जीभ मोकळी सोडली, तर कायदा पाळला असे होत नाही. याच अधिनियमाचे कलम २९ म्हणते की शिक्षण हे मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त करणारे असावे.

येथे आपल्यापैकी जाणकार मंडळी म्हणतील, "सर, हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही." त्यांचे म्हणणे खरे आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तसा निर्णय दिला. संविधानाच्या कलम ३० ने आपल्याला आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे, त्याचे रक्षण व्हावे म्हणून तो निर्णय झाला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच राज्यातील एका ट्रस्टच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाने विचार करावा म्हणून विषय सरन्यायाधीशांकडे पाठवला. त्याचा निकाल काय लागायचा तो लागो. मला संस्थेच्या वडीलधाऱ्यांना अत्यंत नम्रपणे एवढेच विचारायचे आहे की, कलम ३० चा हक्क आपण कशासाठी मागितला? आपली मुले शिक्षणाच्या प्रवाहाबाहेर पडू नयेत, त्यांना आपलेपणाने शिकता यावे, यासाठीच ना? मग त्या हक्काच्या आडोशाला उभे राहून आपल्याच लेकराला ढ म्हणण्याची मोकळीक आपण घेणार काय?

आणि समजा कोणाला ती घ्यावीशी वाटली, तरी बाकीचे कायदे वाट अडवून उभे आहेत. त्यांना शाळेची पाटी अल्पसंख्याक आहे की नाही याच्याशी कर्तव्य नाही. त्यांतील चार आपल्यापुढे मांडतो.

पहिला, दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. दिव्यांग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुबड्या येतात. परंतु या अधिनियमात एकवीस प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, मानसिक आजार आहे, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत मुलाला सततची अडचण येणे. शासनाने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या शाळांत अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश मिळावा, त्यांच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय व्हावी आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून शिकवण्याची रीत बदलावी, असे कलम १६ सांगते. ज्याची दिव्यांगता ४० टक्के किंवा अधिक प्रमाणित झाली आहे, त्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ ने दिला आहे. 'वाजवी सोय' हा शब्द मोठा वाटतो. माझ्या त्या विद्यार्थ्यापुरता त्याचा अर्थ किती लहान होता, पाहा. फळा आणखी पाच मिनिटे न पुसणे. त्याला एक पैसा लागत नव्हता.

दुसरा, आपल्या राज्याचा स्वतःचा कायदा, महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९. रॅगिंग म्हणजे मेडिकल कॉलेजातील प्रकार अशी आपली समजूत असते. परंतु या कायद्यातील शिक्षणसंस्थेची व्याख्या व्यापक आहे. शिक्षण देणारी कोणतीही संस्था, वसतिगृह आणि शिकवणी वर्गसुद्धा तीत येतात. चिडवणे, शिवीगाळ, धमकी, अंगलट येणारी थट्टा, हे सारे त्यात आले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. लेखी तक्रार आली तर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. त्याने टाळाटाळ केली तर गुन्ह्याला साथ दिली असे धरले जाते. आपली मुले दहावीनंतर अकोला, अमरावती, पुणे येथे वसतिगृहात जातात. कोणी नावावरून, कोणी भाषेवरून, कोणी पेहरावावरून टोमणे ऐकतात आणि घरी सांगत नाहीत. मुलांनो, तुमच्या पाठीशी या राज्याचा कायदा १९९९ पासून उभा आहे, हे ध्यानात असू द्या.

तिसरा, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. शासकीय आरोग्य व्यवस्थेतून मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि शरीराच्या आजारापेक्षा त्याला कमी लेखता येणार नाही, असे हा अधिनियम सांगतो. एखाद्याने निराशेच्या भरात जीव देण्याचा प्रयत्न केला, तर तो असह्य ताणाखाली होता असेच कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घ्यायची, हे शासनाचे कर्तव्य. पोलिसांच्या भीतीने आणि लोकलज्जेने घरे अशी गोष्ट दडपून ठेवतात आणि मूल उपचाराविना राहते. ती भीती आता मनातून काढावी.

चौथा, सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निर्णय. नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीचा विशाखापट्टणम येथे मृत्यू झाला होता. तिच्या वडिलांच्या प्रकरणात न्यायालयाने मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. पुरेसा कायदा होईपर्यंत त्या देशभर बंधनकारक आहेत. शाळा, महाविद्यालय, शिकवणी, वसतिगृह सर्वांना. ज्या संस्थेत १०० किंवा अधिक विद्यार्थी आहेत तेथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडावा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत. चारचौघांत मुलाला लाजवू नये. शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वर्गात व वसतिगृहात ठळक लावावेत. पालकांसाठीही कार्यक्रम घ्यावेत. धर्म, जात, लिंग, दिव्यांगता यांवरून होणाऱ्या छळाची तक्रार गुप्तपणे करता येईल अशी व्यवस्था ठेवावी.

ही यादी मी मुद्दाम सावकाश वाचली. आपली शाळा तिच्यापुढे उभी करून पाहावी. आपल्या पटावर शंभराहून कितीतरी अधिक मुले आहेत. समुपदेशकाची नेमणूक हा आता आपल्या मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही. पैशांची अडचण मला ठाऊक आहे. परंतु जी संस्था वर्गणीतून खोल्या बांधू शकते, ती दोन-तीन शाळांत मिळून एक समुपदेशक ठेवू शकणार नाही, असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, ही शहरी चोचले आहेत, आपल्या वाशिमला याची काय गरज? गरज आपल्यालाच अधिक आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशिम होता. २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्हे निवडले गेले, त्यांतही वाशिम होता. सोयाबीनचा भाव पडला की त्याचा घोर फक्त बापाला लागत नाही. रिसोड असो, मानोरा असो, मालेगाव असो, त्या घरातील मूल दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन आमच्या वर्गात बसते आणि आम्ही त्याला विचारतो, "गृहपाठ का केला नाही?" मंगरूळपीर-कारंज्याकडचे गॅरेज, फळांचा गाडा, शिवणयंत्र यांवर चालणाऱ्या घरांची गोष्ट वेगळी नाही. त्यात आपल्या अनेक मुलांना मधल्याच एखाद्या इयत्तेत उर्दू माध्यम सोडून मराठी किंवा इंग्रजीत शिकावे लागते. काल वर्गात पहिला असलेला मुलगा आज प्रश्नच न समजल्यामुळे गप्प बसतो. त्याची बुद्धी एका सुट्टीत कमी झाली काय? त्याला थोडा वेळ हवा असतो, आणि कोणीतरी ते ओळखायला हवे असते.

सच्चर समितीने २००६ साली नोंदवले होते की ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच बाहेर पडली होती. त्याला आता बरीच वर्षे झाली. गळतीचे कारण आपण गरिबी सांगतो, आणि ते खरेच आहे. परंतु माझा तो विद्यार्थी गरिबीमुळे गेला नव्हता. तो माझ्या एका शब्दामुळे गेला होता. अशी किती मुले गरिबीच्या खात्यात लिहिली गेली असतील, याचा विचार आपण शिक्षकांनी करावा.

परदेशातील एक उदाहरण विद्यार्थी मित्रांसाठी सांगतो. अमेरिकेत ओरेगॉन नावाचे राज्य आहे. तेथील काही शालेय विद्यार्थ्यांनी लोकप्रतिनिधींना गाठून म्हटले, ताप आला तर आमची गैरहजेरी माफ होते, मग मन आजारी असताना का होऊ नये? २०१९ साली तसा कायदा झाला. मोठ्यांना जे सुचले नाही ते मुलांनी सुचवले. तुम्हीही बोलायला शिका.

आता वडीलधाऱ्यांचा नेहमीचा आक्षेप. "आम्ही मार खाऊनच शिकलो आणि माणसात आलो." चाचाजी, आपण माणसात आलात, अल्लाहचे आभार. परंतु आपल्या बाकावर आपल्या शेजारी बसणारे किती जण चौथीतच शाळा सोडून गेले, त्यांची नावे आठवून पाहावीत. मार खाऊन जे टिकले तेच आज बोलतात. जे गेले त्यांना या मंडपात कोणी बोलावले नाही. शिस्त हवीच. उशिरा आलेल्याला जाब विचारावा, न केलेला अभ्यास करून घ्यावा. पण शिस्त आणि बेअब्रू यांत फरक आहे, आणि मुलाला तो आपल्या आधी कळतो.

पालकांनी नेमके काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

मूल सतत पोटदुखीचे निमित्त करून शाळा टाळू लागले, झोप किंवा भूक उडाली, मित्र तुटले, आवडीचा खेळ सुटला, तर दोन-तीन आठवडे वाट पाहत बसू नका. जवळ बसवून विचारा आणि उत्तर ऐकून घ्या, मध्येच उपदेश करू नका. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे काही बोलले तर ते नाटक समजू नका, त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. १४४१६ हा टेली-मानस सेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. संकटातील मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा. वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जाऊन मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करा. भूत-बाधा म्हणून दारोदार फिरण्यात महिने घालवू नका. दुआ अवश्य करा, पण डॉक्टरकडे जाण्याने दुआ खोटी ठरत नाही. ताप आला तर आपण दोन्ही करतोच ना?

मूल वाचन-लेखनात फारच मागे असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे विशेष शिक्षक असतात, त्यांना मूल दाखवा. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले तर दहावी-बारावीच्या परीक्षेत राज्य मंडळ जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देते. मात्र अर्ज शाळेमार्फत आणि वेळेवर जावा लागतो. परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून उपयोग नाही. प्रमाणपत्राने मुलाला बट्टा लागेल, विशेषतः मुलीच्या लग्नाला अडचण येईल, ही भीती मी जाणतो. पण न शिकलेल्या मुलीला आयुष्यभर ज्या अडचणी येतात त्या त्याहून मोठ्या असतात.

आणि दहावीत मूल नापास झाले तर घरात मातम करू नका. पुरवणी परीक्षा निकालानंतर काही आठवड्यांतच होते, वर्ष वाचू शकते. गेलेले वर्ष परत मिळवता येते. त्या रात्री मुलाला काय बोललात, ते परत घेता येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच मागणे. वर्गात कोणी अडखळला तर हसू नका. त्या दिवशी वर्गातला एक जरी मुलगा हसला नसता, तर कदाचित मला माझी चूक तेथेच कळली असती.

शेवटी स्वतःबद्दल. कायदा आला म्हणून मी बदललो असे म्हणत नाही. कायदा मी पुष्कळ उशिरा वाचला. त्याआधी त्या माउलीचे वाक्य ऐकले होते. आज मी तास संपला तरी फळा पुसत नाही. आधी शेवटच्या बाकापर्यंत जातो, वह्या पाहतो आणि विचारतो, "झाले का सगळ्यांचे?" कोणीतरी हळूच म्हणतो, "सर, दोन ओळी राहिल्या." मग मी डस्टर टेबलावर ठेवून थांबतो.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र!